बोटीची ट्रॉली दुरुस्त करायची की बदलायची? तपासणीपासून निर्णयापर्यंत

मे महिना संपता संपता मालवण-तारकर्लीपासून नागाव-अलिबागपर्यंतच्या जलक्रीडेच्या बोटी पुळणीवरून वर येतात आणि ऑगस्टअखेरपर्यंत माडाखाली किंवा शेडमध्ये उभ्या राहतात. ट्रॉलीचा निर्णय घ्यायचा तो याच तीन महिन्यांत. हंगाम तोंडावर आला की जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून एक पट्टी मारून घेतली जाते आणि ती पट्टी नेमकी भर गर्दीत, उतारावर किंवा घाटात सुटते. सुटलेली ट्रॉली बोटीचं नुकसान करतेच, पण मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीवही घेऊ शकते. म्हणून या कामात घाई करू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

टायर, बेअरिंग, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), विंच (बोट ट्रॉलीवर ओढून घेणारी चरखी), दिवे हे झिजणारे भाग आहेत. ते कितीही खराब झाले तरी बदलता येतात, आणि निव्वळ त्यांच्यामुळे चांगली ट्रॉली भंगारात जात नाही. निर्णय ठरतो तो सांगाड्यावर. बहुतेक लोक तपासणी उलटी करतात. डोळ्यांना दिसणारं चाक आधी बघतात, त्याचा खर्च काढतात, चार नवे भाग बसवतात आणि मग कळतं की ज्या पाइपवर हे सगळं बसवलं तो आतून पोखरलेला आहे. तेव्हा आधी सांगाडा, मग बाकीचं आणि सगळ्यात शेवटी पैशांचा हिशेब, असा क्रम ठेवा.

पहिली पायरी : बोट उतरवा

बोट वर ठेवून केलेली तपासणी अर्धीच होते. आडव्या पट्ट्या, बोटीच्या बुडाखालचे लाकडी टेकू आणि ॲक्सलची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या कण्याची) बैठक झाकलेली राहते, आणि गंज नेमका तिथेच असतो. बोट जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर किंवा जुन्या टायरांवर सुरक्षित ठेवा. ट्रॉली गोड्या पाण्याने धुवा. पाइपच्या तोंडातूनही पाणी सोडा आणि बाहेर काय येतं ते बघा. तांबड्या पाण्याबरोबर वाळू आणि गंजाचे पापुद्रे पडू लागले, तर पुढच्या तपासणीची दिशा तिथेच कळते.

नुकसान अपघाताचं किंवा वादळाचं असेल, तर पाना हातात घेण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि विमा असल्यास कंपनीला कळवा. २०२० मधलं निसर्ग आणि २०२१ मधलं तौक्ते अनुभवलेल्या किनाऱ्याला हे नव्याने सांगायला नको, पण सर्व्हेअर येण्याआधी काहीही कापू किंवा वेल्ड करू नका. वाकलेला भाग हाच तुमचा पुरावा असतो.

दुसरी पायरी : सांगाडा

या पायरीला अर्धा दिवस लागला तरी लागू द्या.

किनाऱ्यावरच्या बहुतेक ट्रॉल्या चौकोनी पाइपच्या असतात. हा पाइप आतून कुजतो. बोट पाण्यात सोडताना ट्रॉली रोज खाऱ्या पाण्यात जाते, बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरतं, सोबत वाळू येते. पाणी वाहून जातं, पण ओली खारट वाळू तळाशी बसून राहते आणि पत्रा आतून खात राहते. बाहेरचा रंग मात्र शाबूत असतो. त्यामुळे रंगावर विश्वास ठेवू नका. पानशेत किंवा खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात चालणारी ट्रॉली आणि समुद्रात उतरणारी ट्रॉली एकाच वयाची असली, तरी त्यांची आतली अवस्था अगदी वेगळी असते.

बघायच्या जागा अशा : ॲक्सलची बैठक आणि ॲक्सल आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या (इंग्रजी U सारख्या बोल्टच्या) पट्ट्यांखालचा भाग, पाट्यांचे ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेत ती जागा, आडव्या पट्ट्या मुख्य पाइपला मिळतात ते कोपरे, टेकूंचे ब्रॅकेट, आणि ट्रॉली ओढायचा पुढचा दांडा सांगाड्यात घुसतो तो जोड. बोल्टच्या भोकातून तांबडे ओघळ आलेत का? रंगाला फोड आलेत का? फोड दिसला की तो खरवडा.

मग छोटी हातोडी घ्या आणि पाइपच्या खालच्या अंगाने हातभर अंतरावर ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो. पोखरलेल्या ठिकाणी आवाज बद्द होतो. तिथे जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन दाबा. पत्रा आत दबला किंवा टोक आरपार गेलं, तर त्या पाइपचा निकाल लागला. शंका राहिली तर पाइपच्या बाजूच्या अंगाला, जोड आणि ॲक्सलपासून लांब, छोटं भोक पाडून कॅलिपरने जाडी मोजा. जहाजांच्या पत्र्याची जाडी तपासणारे लोक अल्ट्रासॉनिक यंत्र वापरतात. असं कोणी ओळखीचं असेल, तर भोकही पाडावं लागत नाही.

जाडीचा माझा नियम कडक आहे. मूळ पत्रा ३ मिमी असेल आणि आता जेमतेम २ मिमी भरत असेल, म्हणजे एक तृतीयांश गेला असेल, तर तो पाइप मी बाद धरतो. कारण मोजला तिथे २ मिमी असला, तरी दोन बोटं पलीकडे तो किती उरलाय हे मोजल्याशिवाय कळत नाही. बाद झालेला पाइप एखादी आडवी पट्टी असेल, तर ती कापून नवी बसवता येते. दोन लांब मुख्य पाइपांपैकी एक किंवा पुढचा दांडा बाद असेल आणि गंज ठिकठिकाणी असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडा. नुसता वरवरचा लालसर गंज असेल, ब्रशने घासल्यावर खाली घट्ट लोखंड लागत असेल, तर ती ट्रॉली अजून कामाची आहे.

गंजानंतर चिरा. त्या दांड्याच्या मुळाशी, पाट्यांच्या ब्रॅकेटच्या वेल्डजवळ आणि भोकांच्या कडांना येतात. रंगावर केसासारखी तांबडी रेघ दिसली की तिथला रंग काढा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात चिरा शोधायचे तीन स्प्रे मिळतात. पहिल्याने पुसायचं, दुसरा लाल रंग मारून थोडा वेळ ठेवायचा आणि पुसून टाकायचा, मग तिसरा पांढरा मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. शोधलेल्या चिरेचं कारणही शोधा. एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा चीर गेली असेल, तर वेल्डर कच्चा नसून ट्रॉली त्या वजनाला अपुरी असण्याची शक्यता जास्त.

शेवटी सरळपणा. सपाट जागेवर सांगाड्याचे कर्ण मोजा. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. दोन्हींत ५ मिमीचा फरक चालून जातो, त्याच्या दुपटीपलीकडे गेला तर सांगाडा तिरका झालाय. मग दांड्याच्या टोकाला गाडीला जोडायचा जो हुक असतो, त्याच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा, ते सारखं हवं. मुख्य पाइपला सुतळी ताणून धरली की बाक लगेच दिसतो.

झाड पडून किंवा खांबाला आपटून वाकलेली आडवी पट्टी बदलणं सोपं आहे. मुख्य पाइपला सलग हलका बाक असेल, तर जाणता फॅब्रिकेटर तो थंडच दाबून काढू शकतो. पण पाइपला मोड पडून पत्रा चेपला असेल, तर तो सरळ केल्याने मूळची ताकद परत येत नाही. गॅसने तापवून हातोडीने सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

तिसरी पायरी : ॲक्सल, हब, पाटे

चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घरघर ऐकू आली किंवा वर-खाली धरून हलवताना चाक खेळलं, तर बेअरिंग उघडायला हवं. ग्रीस दुधासारखं पांढुरकं झालं असेल, तर आत पाणी शिरलंय. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रस्त्याने आल्यावर हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसतं तो भाग) गरम असतो आणि आतली हवा फुगलेली असते. तसाच तो पाण्यात बुडवला की हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढलं जातं. म्हणून उतारावर पोचल्यावर हब हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. वेळ नसेल तेव्हासुद्धा थांबायचं.

बेअरिंग आणि सील बदलणं किरकोळ काम आहे. पण सील जिथे फिरतं तो ॲक्सलच्या टोकाचा भाग बोटाने चाचपा. तिथे खड्डे पडले असतील, तर नवं सील महिनाभरही पाणी रोखणार नाही. टोक निळसर पडलं असेल, तर ते जळलंय. अशा वेळी आणि ॲक्सल वाकला असेल तेव्हाही अख्खा ॲक्सल बदला. दोन्ही टायर आतल्या कडेने झिजले असतील, तर बाक जवळपास नक्की समजा. ॲक्सल यू-बोल्टवर बसतो, त्यामुळे सांगाडा धड असेल तर हा बदल म्हणजे सरळ, प्रामाणिक दुरुस्ती. वाकलेला ॲक्सल ठोकून सरळ करणं किंवा मधे कापून वेल्ड करणं मात्र कधीच नाही.

पाट्यांच्या थरांमध्ये गंज फुगून पानं एकमेकांपासून सुटलेली दिसतात. एक जरी पान तुटलं असेल, तरी दोन्ही बाजूंचे पाटे जोडीने बदला. यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवे घ्या आणि चकचकीत प्लेटिंगचे न घेता जाड, भुरकट जस्ताचे घ्या.

टायरची नक्षी बघून फसू नका. बोटीची ट्रॉली वर्षात थोडीच धावते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांपुढचा किंवा बाजूला भेगा गेलेला टायर रस्त्यावर नको.

चौथी पायरी : बाकीचं, भरभर

हुकचं कुलूप गाडीच्या मागच्या गोळ्यावर घट्ट बसतं का, ट्रॅक्टरची पिन असेल तर तिचं भोक लांबट झालंय का, हे बघा. सुरक्षा साखळ्या दोन हव्यात आणि त्या दांड्याखालून एकमेकींना छेदून जाव्यात, म्हणजे हुक सुटला तरी दांडा त्यांच्यावर अडकतो. विंचचे दाते आणि पट्टा, ब्रेक असल्यास ते, आणि दिव्यांची वायरिंग बघा. खाऱ्या पाण्यात वायरिंग जातंच, त्याला निर्णयात किंमत देऊ नका. टेकूंचं लाकूड कुजलं असेल तर लगेच बदला, कारण टेकू बसला की बोटीचं सगळं वजन ब्रॅकेटच्या टोकावर येतं आणि फायबरला तडा जातो.

पाचवी पायरी : ट्रॉली या बोटीला पुरते का?

दुरुस्ती करणारे हा प्रश्न विचारत नाहीत, मालकानेच विचारायला हवा. ट्रॉली घेतली तेव्हा बोटीला लहान इंजिन होतं, आता जड फोर-स्ट्रोक बसवलंय. आसनं वाढवली, टाकी मोठी केली. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असतं, शिवाय नांगर, लाइफ जॅकेट, बॅटरी. बोट भरून ट्रॉलीसकट वजनकाट्यावर न्या. आकडा ट्रॉलीच्या पाटीवरच्या क्षमतेच्या अगदी काठावर किंवा वर असेल, तर ती ट्रॉली नव्यासारखी करून घेतली तरी उपयोग नाही. ती पुन्हा तिथेच तुटेल.

हुकवर पडणारा भारही त्याच वेळी बघा. एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार हुकवर हवा. कमी असेल तर ट्रॉली रस्त्यावर डावी-उजवीकडे झोकांड्या खाते. विंचचा खांब किंवा ॲक्सल पुढे-मागे सरकवून हे जमत असेल, तर ती दुरुस्ती स्वस्तातली आहे.

सहावी पायरी : हिशेब

खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला तर बदला, असा ढोबळ नियम सांगितला जातो. तो वाईट नाही, पण मला हंगामाचा हिशेब जास्त पटतो. दुरुस्तीनंतर ट्रॉली किती हंगाम निर्धास्त चालेल ते ठरवा आणि खर्चाला त्याने भागा.

समजा, जस्ताचा मुलामा दिलेली नवी ट्रॉली १,६०,००० रुपयांना पडते आणि नीट धुतली तर बारा हंगाम चालेल. हंगामाला सुमारे १३,३०० रुपये. जुन्या ट्रॉलीचा सांगाडा धड आहे, ॲक्सल, हब, पाटे, टायर मिळून ४५,००० रुपये लागतील आणि ती आणखी पाच हंगाम चालेल. हंगामाला ९,००० रुपये. इथे दुरुस्ती करा. पण सांगाड्याचे पाइप बदलून, वेल्ड करून ९०,००० रुपये होणार असतील आणि बाकीचा जुना पाइप तीन हंगामच तग धरणार असेल, तर हंगामाला ३०,००० रुपये पडतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव घालून बघा.

दुरुस्तीच्या बाजूला लपलेले खर्चही मांडा. ट्रॉली टेम्पोत घालून नेणं, पुन्हा मुलामा देणं, आणि हंगाम सुरू झाल्यावर बोट जागेवर उभी राहिली तर बुडालेले दिवस. दुसऱ्या बाजूला, नवी घेताना जुनीचं विंच, चांगले टायर, टेकू आणि पुढचं छोटं चाक काढून वापरता येतं. ते किमतीतून वजा करा.

हिशेबाने कधीच न सुटणारी एक गोष्ट आहे. ट्रॉली फक्त जेटीपासून शेडपर्यंत ट्रॅक्टरमागे हळू ओढली जाते, की फोंडा किंवा आंबोली घाट चढून जाते? पहिलीला सांगाड्याच्या एखाद्या जागी शंका असेल, तर दुरुस्ती करून दर महिन्याला नजर ठेवता येते. रस्त्यावर जाणाऱ्या ट्रॉलीला शंकेचा फायदा देऊ नका.

दुरुस्ती ठरली तर वेल्डरला काय सांगायचं

गंजलेल्या पाइपवर वरून पट्टी मारायची नाही. पट्टीखाली ओलावा अडकतो आणि गंज आणखी वेगाने चालतो. कुजलेला भाग घट्ट लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्याच मापाचा, त्याच जाडीचा पाइप घालायचा. जोडावर आधाराची पट्टी लावायची असेल, तर तिची टोकं तिरकी, समईच्या वातीसारखी निमुळती ठेवायची. पाइपला काटकोनात आडवा वेल्ड पडला की पुढची चीर तिथून सुरू होते.

७०१८ जातीचा वेल्डिंग रॉड वापरा म्हणून सांगा आणि तो कोरडा असल्याची खात्री करा. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला रॉड ओल धरतो आणि वेल्डला आतून चिरा पाडतो, म्हणून तो ओव्हनमध्ये तापवून घ्यावा लागतो. मुलामा असलेल्या पाइपवरचं जस्त वेल्डच्या जागी आधी घासून काढायला हवं. तापलेल्या जस्ताचा धूर फुप्फुसात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्यावर, वारा मागून येईल असं उभं राहून आणि मास्क लावून करा. पैसे वाचवण्यासाठी वेल्डरच्या अंगावर हे आजारपण ढकलू नका.

वेल्ड झाल्यावर फक्त ऑइल पेंट पुरत नाही. जागा मोकळ्या लोखंडापर्यंत साफ करून जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्या. अख्खा सांगाडाच गरम मुलाम्याला पाठवायचा असेल, तर आधी तिथल्या टाकीची लांबी विचारा आणि बंद पाइपना हवा-पाणी निघायला भोकं पाडून घ्या. वितळलेलं जस्त सुमारे ४५० अंश सेल्सिअसला असतं, आणि बंद पाइपमध्ये अडकलेलं पाणी तिथे वाफ होऊन पाइप फोडतं. कामगारांच्या जिवाशी हा खेळ होतो.

बदलायचं ठरलं तर

शक्य असेल तर बंद पाइपपेक्षा उघड्या चॅनेलचा सांगाडा घ्या, आत काय चाललंय ते दिसतं आणि नळीने धुता येतं. मुलामा आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे, सगळी कापाकापी आणि भोकं पाडून झाल्यावर दिलेला हवा. क्षमता भरलेल्या बोटीच्या वजनापेक्षा निदान पाव पट जास्त घ्या. जुनी ट्रॉली विकत घेत असाल, तर वरची दुसरी पायरी विक्रेत्याच्या अंगणात करा. नुकताच रंग दिलेली दिसली, तर हातोडी आणखी जपून चालवा.

कागदपत्रांकडेही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, हेही मोटार वाहनच आहे. सार्वजनिक रस्त्यावर नेणार असाल, तर नोंदणी आणि विमा लागतो. दुरुस्तीत सांगाड्याचा आकार किंवा रचना बदलत असेल, तर याच कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीचा प्रश्न येतो. आणि ज्या पाइपवर चॅसीस नंबर ठोकलेला आहे, तो कापण्याआधी आरटीओत विचारा. तो तुकडा एकदा भंगारात गेला की कागदावरची ट्रॉली आणि दारातली ट्रॉली एक आहे हे सिद्ध करणं फार जड जातं.

पहिला फेरा

दुरुस्त असो वा नवी, पहिल्यांदा बोट न ठेवता गावातल्या गावात फिरवा, मग बोट ठेवून थोडं अंतर जा. थांबून दोन्ही हबना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल, तर बेअरिंग आवळलं गेलंय किंवा ब्रेक धरतोय. व्हील नट आणि यू-बोल्टचे नट पुन्हा पान्याने तपासा, नवे बोल्ट पहिल्या फेऱ्यात बसतात आणि ढिले होतात. नव्या वेल्डवर रंगाला रेघ पडलीय का ते बघा. सगळं ठीक असेल तरच पुढच्या भरतीला बोट पाण्यात न्या. वर आल्यावर त्याच दिवशी हब, पाटे आणि पाइपच्या आतून गोडं पाणी मारा.